पॅरासिटामॉल नको, पानफुटी नको: ऑपरेशन झालेल्या मांजराविषयी

आमच्या भुऱ्याच्या मूत्राशयातले खडे काढून त्याला घरी आणलं, त्याच संध्याकाळी मावशीचा एक मेसेज आला. तिलाही तो कुणीतरी पुढे पाठवलेला होता. पुढच्या आठवड्यात तोच मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. मथळा असा: ‘मांजराचं मुतखड्याचं ऑपरेशन झालंय? पुन्हा डॉक्टरकडे पैसे घालवू नका, हे घरगुती उपाय करा.’ खाली उपाय: दुखत असेल तर पॅरासिटामॉलची पाव गोळी द्या. पानफुटीचा रस आणि लिंबूपाणी पाजा, खडा परत होणार नाही. लघवीत रक्त दिसलं तर ऑपरेशन फसलं समजा, पण एक-दोन दिवस लघवीच झाली नाही तर घाबरू नका. गळ्यातली कॉलर (जखम चाटता येऊ नये म्हणून घातलेला शंकू) काढा, मांजर चाटून जखम बरी करतं. टाक्यांवर हळद-तेल लावा. दूध-पाणी भरपूर द्या. खोली रोज फिनाईलने पुसा.

मावशीने तो मायेने पाठवला होता, हे मला ठाऊक आहे. पण यातल्या काही गोष्टींनी मांजर मरू शकतं, आणि लघवीबद्दलचा सल्ला तर जीव वाचवायला मिळणारे मोजके तासच खाऊन टाकतो. म्हणून सगळ्यात घातक मुद्दा आधी घेते.

‘पॅरासिटामॉलची पाव गोळी’

घरातल्या सगळ्यांना चालणारी, लहान मुलांनाही देतात ती गोळी, मग मांजराला पाव तुकडा दिला तर काय बिघडलं, असं वाटणं स्वाभाविक आहे. हिशेब करून बघा. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग म्हणजे १२५ मिलिग्रॅम. बोका चार किलोचा असेल तर किलोमागे ३१ मिलिग्रॅम पडले. मांजरांमध्ये किलोमागे १० मिलिग्रॅमलाही विषबाधा झाल्याची नोंद आहे.

कारण यकृतात आहे. आपलं यकृत पॅरासिटामॉलला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं आणि ते लघवीवाटे बाहेर काढून टाकतं. हे जोडकाम करणारं एन्झाइम मांजराकडे जवळजवळ नसतंच. मग औषधाचा विषारी अंश साठत जातो आणि रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतो. हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. काही तासांत हिरड्या निळसर किंवा तपकिरी दिसायला लागतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. लहान मुलांच्या तापाच्या सिरपमध्येही हेच औषध असतं, त्यामुळे ‘सिरपचे दोनच थेंब’ हीसुद्धा पळवाट नाही. चुकून दिलं गेलं असेल तर लक्षणं दिसायची वाट न बघता निघा आणि काय, किती, किती वाजता दिलं ते डॉक्टरांना सांगा. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो जितका लवकर मिळेल तितका कामाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन याही गोळ्या आपल्या मनाने द्यायच्या नाहीत.

याचा अर्थ मांजराला दुखू द्यायचं असा मुळीच नाही. पोट आणि मूत्राशय दोन्ही कापलेले असतात, दुखणारच. ब्युप्रेनॉर्फिन, गॅबापेंटिन, मोजून दिलेलं मेलॉक्सिकॅम अशी औषधं डॉक्टर मांजराच्या वजनावरून ठरवून देतात. डिस्चार्ज घेताना ‘दुखण्यासाठी काय दिलंय आणि पुढचा डोस कधी?’ हे विचारूनच बाहेर पडा. मांजर क्वचितच ओरडून सांगतं. भुऱ्या पहिल्या रात्री पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून, कान बाजूला पाडून कोपऱ्यात बसला होता. मला वाटलं गुंगी असेल. डॉक्टरांना फोटो पाठवला तेव्हा कळलं, ते दुखणं होतं.

‘पानफुटीचा रस आणि लिंबूपाणी’

पानफुटी आपल्याकडे गॅलरीगॅलरीत असते. पान मातीत टाकलं की कडेने रोपं फुटतात, आणि मुतखडा झालेल्या माणसाला कुणी ना कुणी तिची दोन पानं खायला सांगतंच. माणसाला तिचा उपयोग होतो की नाही, हा वाद मी इथे घालत नाही. मांजरासाठी मात्र ती विष आहे. ती कॅलँको गटातली. या गटातल्या वनस्पतींमध्ये ब्युफाडायनोलाइड नावाची द्रव्यं असतात, ती डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधासारखी थेट हृदयावर काम करतात. आधी उलट्या-जुलाब, मग हृदयाचे ठोके अनियमित. ऑस्ट्रेलियात ही झाडं चरून गुरं दगावली आहेत. नुकतंच ऑपरेशन झालेल्या चार किलोच्या बोक्याला त्या पानांचा रस काढून पाजायचा, या कल्पनेनेच माझा थरकाप होतो.

लिंबाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. मांजरांच्या मूत्राशयात मुख्यतः दोन प्रकारचे खडे होतात. स्ट्रुव्हाइट म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा; तो लघवी अल्कधर्मी झाली की धरतो आणि ठरावीक आहाराने अनेकदा आपोआप विरघळतोही. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा. तो कोणत्याही आहाराने, काढ्याने, कुळथाच्या कढणाने विरघळत नाही, काढावाच लागतो, आणि लघवी आम्लधर्मी झाली तर त्याला उलट बळ मिळतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून प्राण्यांचे खडे तपासणारं केंद्र आहे. तिथे सुरुवातीच्या वर्षांत मांजरांचे बहुतेक खडे स्ट्रुव्हाइटचे निघत. १९९० च्या दशकात ऑक्झलेट त्यांच्या पुढे गेला. स्ट्रुव्हाइट टाळण्यासाठी मांजरांचं तयार खाणं जास्त आम्लधर्मी केलं गेलं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणजे एक खडा टाळायला गेलं आणि दुसऱ्याला वाट मिळाली. शास्त्रशुद्ध खाद्य बनवणाऱ्यांचं जिथे असं झालं, तिथे स्वयंपाकघरातल्या लिंबाने किंवा व्हिनेगरने काय नेम साधणार?

म्हणून काढलेला खडा फेकू देऊ नका. तो कोरड्या डबीत ठेवून तपासणीला पाठवायला सांगा. पुढचा सगळा आहार त्या अहवालावर ठरतो. आम्ही तो अहवाल येईपर्यंत भुऱ्याला कोणतंही ‘खड्याचं खाणं’ सुरू केलं नाही, आणि डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं.

‘रक्त दिसलं तर ऑपरेशन फसलं, लघवी नाही झाली तर घाबरू नका’

हे अगदी उलटं आहे. मूत्राशय चिरून शिवलेलं असतं, आतून सुजलेलं असतं. पहिले काही दिवस, कधी आठवडाभर, लघवी गुलाबी दिसणं, मांजराने लघवी-शीच्या ट्रेमध्ये वारंवार जाऊन थोडी थोडी लघवी करणं हे अपेक्षित असतं. रंग दिवसागणिक फिका होत गेला पाहिजे. गडद लाल होत गेला, गुठळ्या पडायला लागल्या, किंवा आठवड्यानंतरही तसाच राहिला तर फोन करा.

लघवी न होणं मात्र घाबरण्याचीच गोष्ट आहे, आणि बोक्याच्या बाबतीत तर फारच. त्याची मूत्रनळी टोकाकडे अतिशय अरुंद असते. रक्ताची गुठळी, सूज किंवा मागे राहिलेला बारीक खडा तिथे अडकला की लघवी तुंबते, मूत्रपिंडांवर उलटा दाब येतो आणि रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं. वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडतं. यात ‘एक-दोन दिवस’ थांबायला जागाच नाही. बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर रात्र असो, रविवार असो, त्याच क्षणी निघायचं. कुंथत नसला तरी बारा तासांत लघवी झाली नसेल तर डॉक्टरांना फोन करायचा. पुष्कळ लोक कुंथणं बघून बद्धकोष्ठ समजतात आणि एरंडेल देत बसतात. तेवढ्यात वेळ निघून जाते.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. क्वचित मूत्राशयाचा टाका गळतो आणि लघवी पोटात झिरपते. बाहेरचे टाके तेव्हा अगदी स्वच्छ दिसू शकतात. मांजर मलूल होतं, उलट्या करतं, पोट फुगतं, हात लावू देत नाही. तेव्हाही थांबायचं नाही.

आम्ही ट्रेमधली वाळू (लिटर) काढून वर्तमानपत्राच्या पट्ट्या घातल्या. टाक्यांना वाळू चिकटत नाही आणि कागदावर लघवीचा रंग दिसतो. शेजारी वही ठेवली: वेळ, अंदाजे किती, रंग. तिसऱ्या रात्री मी मोबाईलची बॅटरी लावून पहाटे तीन वाजता त्या ट्रेशेजारी बसले होते, कारण संध्याकाळी सहानंतरची नोंदच नव्हती. सव्वातीनला त्याने लघवी केली, तळहाताएवढा फिकट गुलाबी डाग. तो ओला कागद हातात धरून मी रडले.

‘कॉलर काढा, लाळेत औषध असतं’

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, कानशीसारखे. त्या जिभेने टाके सुटतात, तोंडातले जंतू जखमेत जातात. पोटाला एकावर एक थर शिवलेले असतात. वरचा उघडला तर खालचाही धोक्यात येतो. मूत्राशय स्वतः चांगलं भरून येतं, साधारण दोन-तीन आठवड्यांत त्याची ताकद परत येते, पण तोवर वरून कुणी ओढाताण करता कामा नये. त्वचेचे टाके दहा ते चौदा दिवसांनी निघेपर्यंत कॉलर राहू द्या आणि उंच उड्या टाळा.

कॉलरने मांजर कावतं हे खरं आहे. भुऱ्या पहिल्या दिवशी सगळ्या चौकटींवर आदळत होता. खाणं खोल वाटीऐवजी पसरट बशीत, थोडं उंचावर ठेवलं तर खाता येतं. आम्ही भाचीचं जुनं झबलं घालून पाहिलं, पण ते लघवीने भिजायचं, म्हणून पुन्हा कॉलर.

हळद-तेलाबद्दल फार लिहायला नको. शिवलेली जखम कोरडी राहिली पाहिजे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तिला काहीही लावू नये.

दूध-पाणी आणि फिनाईल

पाणी जास्त जायला हवं, हा या मेसेजमधला एकच बरोबर धागा. लघवी पातळ राहिली की खडा धरायची शक्यता कमी होते. पण दुधाने नाही; बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि जुलाबांत अंगातलं पाणी उलट जातं. ओल्या खाण्यात सुमारे ७५ ते ८० टक्के पाणी असतं, कोरड्या दाण्यात साधारण १०. उकडलेल्या चिकनचं पाणी चालतं, मात्र आपल्या रश्श्यातलं नको, कारण कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आणि मांजराने दिवसभर तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना कळवा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून नवंच आजारपण उभं राहतं.

फिनाईलमधली फिनॉल जातीची द्रव्यंही त्याच यकृताला झेपत नाहीत, ज्याला पॅरासिटामॉल झेपत नाही. पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं आणि मग पंजे चाटतं. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, फरशी वाळली की त्याला खोलीत सोडा.

मी हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अगं, आमची मनी तर त्या पानफुटीच्या कुंडीतच झोपते.” संध्याकाळी तिने कुंडी शेजारच्या काकूंना देऊन टाकली, त्यांच्याकडे मांजर नाही.