‘प्रेमाने सांगतो’ म्हणे!

ग्रुपवर कुणी ‘प्रेमाने सांगतो’ असं लिहिलं की माझ्या पोटात गोळाच येतो. पुढच्या ओळीत प्रेम सोडून बाकी सगळं असतं, हे आता अनुभवाने पाठ झालंय.

परवाचंच घ्या. माझ्या पुतणीच्या बाळाचा रविवारी बाप्तिस्मा झाला. पाच महिन्यांचं पोर, आजीने शिवलेलं पांढरं झबलं. पाळकसाहेबांनी डोक्यावर पाणी घातलं तर रडायचं सोडून पठ्ठ्याने चक्क जांभई दिली, आणि नेमकी ती जांभई फोटोत सापडली. जेवणं आटोपल्यावर पुतणीने हौसेने तो फोटो मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये माणसं २१४. चार-पाच जणांनी ‘देव आशीर्वाद देवो’ लिहिलं, एका मावशींनी फुगे पाठवले, आणि अकराव्या मिनिटाला एका काकांचा मेसेज आला: ‘प्रेमाने सांगतो, हा बाप्तिस्मा नव्हे. हे नुसतं डोकं ओलं करणं आहे. मार्क १६:१६ वाचा.’ म्हणजे आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, असं त्यांचं म्हणणं.

अहो काका, पोराने जांभई दिली होती हो! तेवढं तरी बघायचं!

मग काय, सुरूच झालं. एकाने लगेच प्रेषितांची कृत्ये १६:३३ भिरकावलं, तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला म्हणून. त्यावर तिसऱ्याने विचारलं, ‘त्या घरात तान्हं मूल होतं असं कुठे लिहिलंय?’ वचन लिहायचेही कष्ट कुणी घेत नाही, नुसते आकडे फेकायचे, गोफणीतून दगड फेकावेत तसे. कोणी कोणाला परुशी, म्हणजे बायबलातला ढोंगी धर्मपंडित, म्हणालं, कोणी पाळकाच्या पगारावर घसरलं. एक सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, त्यातली पहिली दोन मिनिटं ‘भाऊ, रागावू नका’ यातच गेली. रात्री नऊच्या सुमारास गाडी कुठे पोचली असेल? ‘तुमचे आजोबा दुष्काळात मिशनच्या ज्वारीसाठी ख्रिस्ती झाले, तुम्ही आम्हाला शिकवू नका.’

हे वाचून मी फोन उलटा ठेवला. ही ज्वारी आपल्याला बाहेरच्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकवली. शाळेत ऐकवली, ऑफिसात ऐकवली. आता आपणच एकमेकांना ऐकवायची? आणि ज्याने लिहिलं त्याचे आजोबा कुठून आले होते, रोमहून? नगर जिल्ह्यातल्या आमच्या निम्म्या घरांची कहाणी त्याच दुष्काळांच्या आसपास सुरू होते. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

संताप कशाचा येतो सांगू? हा वाद आमच्या चर्चने कधीच मिटवलेला आहे. उत्तर भारताची मंडळी, ज्याला आपण सीएनआय म्हणतो, ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झाली. सहा वेगवेगळे पंथ एकत्र आले. त्यात अँग्लिकन होते, तान्ह्यांचा बाप्तिस्मा करणारे. बॅप्टिस्ट होते, विश्वास कबूल केल्यावरच पाण्यात बुडवणारे. बोलणी १९२९ पासून चालली होती. एक्केचाळीस वर्षं! मधे फाळणी झाली, मिशनरी परत गेले, बोलणी सुरू करणारे कित्येक जण वारले. तरी माणसं पुन्हापुन्हा टेबलाशी बसली आणि शेवटी ठरलं की दोन्ही रीती चालतील, ज्याला ज्या पटतात त्या. दोन्ही बाजूंना काही कमी शास्त्र येत नव्हतं. ग्रीक-हिब्रू वाचणारी माणसं होती ती. त्यांनी एक्केचाळीस वर्षांत जोडलेलं आमच्या काकांनी अकरा मिनिटांत उसवलं, तेही दुपारच्या जेवणानंतर आडवं पडून.

बरं, चूक दाखवायचीच असेल तर कशी दाखवायची, हेही लिहिलेलंच आहे की. मत्तय १८:१५. भाऊ चुकला तर त्याच्याकडे जा आणि एकांतात सांग. एकांतात! नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत घे. मंडळीला सांगायची पाळी त्यानंतर येते. आमच्याकडे हा क्रम बरोब्बर उलटा. आधी २१४ लोकांसमोर काढायचं, मग स्क्रीनशॉट दुसऱ्या मंडळीच्या ग्रुपवर पाठवायचा, आणि एकट्याला फोन? तो कुणीच करत नाही. पुतणीचं घर काकांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. चहा तरी मिळाला असता.

हे बोलून दाखवलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘येशूनेही मंदिरात चाबूक उगारला होता.’ हो, उगारला होता. देवाच्या घरात बाजार मांडणाऱ्यांवर. दहा वचनं धड पाठ नसणाऱ्यालाही तो चाबूक मात्र बरोबर आठवतो. त्याच येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण काढून कुणी भांडण मिटवल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे फक्त आमच्या मंडळीपुरतंही नाही. माझी वहिनी वसईची, कॅथलिक. सप्टेंबरात तिने आमच्या घरच्या ग्रुपवर वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेतला फोटो टाकला. सोबत तिची म्हातारी आई होती, हातात मेणबत्त्या. माझ्या एका चुलतभावाने खाली लिहिलं, ‘निर्गम २०:४’, मूर्ती करू नको सांगणारं वचन. बस, एवढंच. नमस्कार नाही, आईची तब्येत कशी आहे नाही. त्या माउलीचा गुडघा बदलून जेमतेम चार महिने झाले होते, तरी ती चढ चढून गेली होती. वहिनीने उत्तर दिलं नाही, वाद घातला नाही, गुपचूप ग्रुप सोडला. नाताळात मात्र तिने करंज्यांचा डबा न चुकता पाठवला, आणि त्यातल्या सर्वांत जास्त करंज्या कुणी खाल्ल्या ते मी सांगायला नको. तेव्हा नाही आठवलं निर्गम.

मला सगळ्यात छळतं ते हे, की समोर ही माणसं अशी नाहीतच. हेच काका, माझे मिस्टर दवाखान्यात होते तेव्हा आठ दिवस डबा घेऊन यायचे. मंडळीत मयत झाली की सगळ्यात आधी हे हजर, कबर खोदणाऱ्यांना चहा देण्यापासून खांदा देण्यापर्यंत. देवळात म्हाताऱ्या बायांना गीताचं पान काढून देतात. मग फोन हातात घेतला की यांच्या अंगात काय संचारतं? समोरचा चेहरा दिसत नाही म्हणून? पुतणी रडली ते त्यांना दिसलं नाही. मला दिसलं, मी शेजारी बसले होते. बाळाला पाजता पाजता एका हाताने वाचत होती आणि रडत होती. ‘काकू, खरंच झाला नाही का गं बाप्तिस्मा?’ विचारत होती.

मग मीही काही धुतल्या तांदळाची राहिले नाही. रात्री साडेअकराला, झोप येईना म्हणून, ग्रुपवर काकांना टॅग करून ‘मत्तय ७:३’ लिहून टाकलं. कुसळ आणि मुसळ. नुसता आकडाच. पाठवताना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पाच मिनिटांनी वाटलं काढून टाकावं, पण तोवर पंचवीस जणांनी वाचलं होतं आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या बघून तर आणखी कसंतरी झालं.

सकाळी उठून पाहिलं तर पुतणीने फोटो सगळ्यांसाठी डिलीट केलेला. त्याच्या जागी ती करडी ओळ तेवढी उरली होती. आणि तिच्याखाली, बरोब्बर साडेसहाला, काकांचा रोजचा मेसेज, गुलाबाच्या चित्रासकट: ‘सुप्रभात. आजचे वचन: स्तोत्र १३३:१’. बंधूंनी ऐक्याने एकत्र राहणं किती चांगलं, तेच ते.

खाली सदतीस जणांनी हात जोडले होते. सवयीने मीही जोडले, मग लक्षात आलं.