बीपीची गोळी तेवढी चालू आहे

काका, नमस्कार.

‘सहकुटुंब परदेशी जाताना ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, तुमचं निम्मं बरोबर आहे, आणि नेमकं तेच निम्मं मी लेखात गाळलं होतं. म्हणून दोन ओळींत न उरकता हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी: काका कोल्हापुरात शाहूपुरीत राहतात, निवृत्त आहेत, मुलगा-सून-नातवंडांबरोबर दुबई आणि सिंगापूर करून आलेत. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही वेळा विम्याचे पैसे पाण्यात गेले, तेवढ्यात घरची पाच माणसं दोनदा तांबडा-पांढरा ओरपून आली असती. घरचा मेडिक्लेम आहेच, क्रेडिट कार्डावर विमा फुकट मिळतोच. त्यांच्या साडूंचा मागच्या वर्षीचा क्लेम ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून नाकारला गेला. आणि मला सल्ला, ‘मास्तर, एजंटांची तळी उचलू नका.’

तळीचं आधी सांगून टाकतो. मी शाळेत गणित शिकवतो. कुठल्याही विमा कंपनीकडून मला छदाम मिळत नाही. आमचा एजंट दिवाळीला एक कॅलेंडर द्यायचा, यंदा तेही नाही.

आता लेखात जे गाळलं ते. गाळलं, कारण त्यातला शहाणपणा माझा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सिंगापूरला गेलो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई, वय ७१. जायच्या आधी राजारामपुरीतल्या एका ऑफिसात फॉर्म भरायला बसलो. समोरचा पोरगा कॉम्प्युटरवर आजारांच्या प्रश्नांपुढं ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करत सुसाट सुटला होता. आईच्या नावापाशी जरा थांबला. “आईंना काय त्रास?” मी म्हटलं, “तसं काही नाही. बीपीची गोळी तेवढी चालू आहे.” त्यानं ‘नाही’वर खूण केली. त्याचीही चूक नाही. आपल्याकडं बीपी हा आजार नसतोच, ती एक गोळी असते, सकाळच्या चहाबरोबरची. शुगरचंही तेच. “शुगर आहे, पण कंट्रोलमध्ये आहे,” म्हणजे आपल्या हिशेबानं नाहीच.

शेजारी बसलेली बायको म्हणाली, “गोळी चालू आहे म्हणजे बीपी आहे. तसं लिहा.” पोरगा म्हणाला, “वहिनी, लिहिलं की हप्ता वाढतोय बघा.” सातशेच्या वर वाढला. मी तोंड वाकडं केलं, पण ‘हो’ लिहून आलो. पाच जणांचा मिळून हप्ता पाच हजारांच्या आतच बसला.

पाचव्या रात्री आई हॉटेलच्या बाथरूममध्ये पडली. उजवं मनगट डोळ्यांदेखत सुजत गेलं आणि हातातली पाटली रुतायला लागली. हॉस्पिटलमधली नर्स कापायचं यंत्र घेऊन आली, तर आई हात पोटाशी धरून बसली. पाटली आमच्या आजीची. “हात तुटला तर जोडता येईल, ही कापू देणार नाही,” हे ती मराठीत म्हणाली, आणि नर्सला ते नीट कळलं. शेवटी साबणाचं पाणी आणि दहा मिनिटांची ओढाताण झाली तेव्हा पाटली निघाली. मग एक्स-रे, प्लास्टर, डॉक्टरांची फी. ८५० सिंगापूर डॉलर, तेव्हाच्या दरानं ५४ हजारांच्या आसपास. तिथल्या सरकारी सवलती तिथल्या लोकांसाठी, पाहुण्याला पूर्ण दर.

विमा कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. उत्तर मिळालं: पेशंट दाखल झालेला नाही, तेव्हा बिल तुम्ही भरा, परत गेल्यावर क्लेम करा. ‘कॅशलेस’ हा शब्द डोक्यात घेऊन गेलेल्या माझ्यासारख्यानं तेव्हा मनात काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

खरी गंमत घरी आल्यावर. कागद पाठवून तीन आठवडे झाले आणि कंपनीचा मेल आला: पेशंट पडल्या त्या चक्कर येऊन का? बीपीचे जुने कागद पाठवा. काका, माझ्या पोटात गोळा आला. मनगटाचा आणि बीपीचा काय संबंध, असं आपण म्हणू. पण बीपीमुळं चक्कर आली, चक्कर आल्यामुळं पडल्या, मग मोडलेलं मनगट जुन्या आजाराच्या खात्यात जाऊ शकतं. सगळा क्लेम एका शब्दावर टांगलेला. त्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं होतं, ‘ओल्या फरशीवर पाय घसरून’. ते का लिहिलं? आईनं हॉस्पिटलच्या फरशीवर चप्पल सरकवून त्यांना पाय कसा गेला ते करून दाखवलं होतं म्हणून. जुने कागद आणि फॉर्मवरचा ‘हो’ एकमेकांशी जुळले. सात आठवड्यांनी पैसे आले, पहिले १०० अमेरिकी डॉलर कापून, कारण तेवढे आपण सोसायचे अशी अट होती. इथं परतल्यावरच्या फिजिओथेरपीचं काही मिळालं नाही. त्या कलमावर माझा अजून राग आहे.

समजा फॉर्मवर ‘नाही’ असतं आणि जुने कागद ‘बीपी आठ वर्षांपासून’ म्हणाले असते, तर? घसरून पडलेली आईही खोटी ठरली असती. म्हणून तुमच्या साडूंबद्दल मी कंपनीची बाजू घेत नाही, पण एक विचारतो: त्यांच्या फॉर्मवर काय खूण होती, आणि ती कुणी केली होती? हेही खरं की ‘हो’ लिहिलं म्हणजे मिळेलच असं नाही. बऱ्याच पॉलिशांमध्ये जुना आजार एकतर वगळलेला असतो, नाहीतर जिवावर बेतलं तरच आणि ठराविक रकमेपर्यंतच धरतात. पण मग ते जायच्या आधी कळतं, आणि वाटलं तर जुन्या आजाराला जास्त सवलत देणारी दुसरी पॉलिसी घेता येते. हे निवडणं राजारामपुरीत बसून होतं. सिंगापूरच्या हॉस्पिटलात होत नाही.

पैसे वाया गेले, हा तुमचा मुद्दा गणितानं मान्य. सरासरी काढली तर विमा काढणारा तोट्यातच असतो, नाहीतर कंपन्या चालल्या कशा असत्या? म्हणूनच जो खर्च आपल्याच्यानं पेलवेल त्याचा विमा काढण्यात मला रस नाही. बॅग हरवली, विमान चार तास लेट झालं, ही कलमं जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात. त्यांच्यासाठी पॉलिसी घेऊ नका. (बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडायच्या आत विमान कंपनीकडून तसा लेखी रिपोर्ट मात्र घ्या, त्याच्याशिवाय पुढं कुणी विचारत नाही. आणि बायकांनी साज-पाटल्या घरी ठेवाव्यात. सोनं आणि रोकड बहुतेक पॉलिशांत धरत नाहीत.) पॉलिसी घ्यायची ती हॉस्पिटलसाठी, आणि वेळ वाईट आली तर माणसाला घरी आणण्यासाठी. हे दुसरं बोललं की घरात ‘अशुभ बोलू नका’ होतं, म्हणून इतकंच.

तुमचा मेडिक्लेम तिथं चालेल का? साधी पॉलिसी भारतातल्या उपचारांपुरती असते. परदेशातलं धरणाऱ्या महागड्या पॉलिशा आहेत, तुमची त्यातली आहे का ते कागद काढून बघा. क्रेडिट कार्डाचंही तसंच. अनेकदा तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असावं लागतं, कित्येकदा विमा फक्त विमान अपघाताचा असतो आणि तोही कार्डधारकाचा. सुनेचा आणि नातवंडांचा नाही. फुकट मिळतो म्हणता, तर एकदा फुकट वाचूनही घ्या.

बिलाचा अंदाज देशावर ठरतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा व्हिसा किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्याशिवाय मिळत नाही, तिथं वाद संपला. इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागात तपासणं सगळ्यांना मोफत, पण वॉर्डात दाखल केलं की पाहुण्याला तिथल्या सरकारी दराच्या दीडपट बिल लागतं. हे ‘तिकडं सगळं फुकट’ म्हणणाऱ्यांना माहीत नसतं. अमेरिकेत १९८६च्या कायद्यानं इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैशांसाठी परत पाठवता येत नाही. बिल मात्र घरी येतं, आणि ते आकडे बघून आपल्याला आपली शेती आठवते. लेकीच्या बाळंतपणाला चार-सहा महिने अमेरिकेला जाणारे आपल्याकडं कितीतरी आईवडील आहेत. त्यांनी स्वस्त पॉलिसीतलं ‘सब-लिमिट’ हे प्रकरण जरूर बघावं. वरची रक्कम डोळ्यांत भरणारी असते, पण साठीनंतर खोलीभाडं, ऑपरेशन, आयसीयू यांना वेगवेगळी झाकणं लावलेली असू शकतात.

एक आपल्याच गावचा प्रश्न. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही पुरांत शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन पुण्या-मुंबईची वाट बंद झाली होती. अशा वेळी मुंबईचं रात्रीचं विमान चुकलं तर? ‘विमान चुकल्याची भरपाई’ हे कलम बऱ्याचदा एका विमानातून दुसऱ्यात बदलतानाच्या उशिराचं असतं. पंचगंगेला पाणी आलं हे त्यात बसेलच असं नाही. उजळाईवाडीहून मुंबईचं तिकीट वेगळं आणि परदेशाचं वेगळं काढलं असेल, तर पहिलं विमान लेट झाल्यावर दुसरी विमान कंपनी तुमची वाट बघत नाही. त्यामुळं पावसाळ्यात जायचं असेल तर विम्यावर न विसंबता एक दिवस आधी मुंबई गाठावी. नातेवाईक कुठंतरी असतातच.

तुमच्या मुलासाठी एक. बालीला जायचा विचार आहे म्हणता. एमएच ०९ वाल्या कोल्हापूरकराला भाड्याची स्कूटर दिसली की राहवत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत मिळतो, वर्षभर चालतो. तो नसताना पडला, किंवा बिअर घेऊन पडला, तर क्लेम विसरायचा.

आणि साडूंचा विषय अजून संपलेला नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवायचं. महिन्याभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जाता येतं. कोल्हापूर पुण्याच्या लोकपालाखाली येतं. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या शेवटच्या नकारापासून वर्षाच्या आत अर्ज जावा लागतो. मागच्या वर्षीचं प्रकरण म्हणता, म्हणजे दिवस मोजायला लागा. त्यांच्याकडं नकाराचं पत्र असेल, त्यात कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लिहिलेलं असतं. ते पत्र, भरलेल्या फॉर्मची प्रत आणि हॉस्पिटलचा कागद अशी तीन पानं घेऊन येत्या रविवारी सकाळी या. रंकाळ्यावर फिरणं झालं की मी साडेआठपर्यंत घरी येतो. पाटलीवाली आई पण आहे, चहा तीच करते.