साहेब, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो…

सर्वांना जय ख्रिस्त.

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नव्या पाळकसाहेबांचे (पास्टरांचे) स्वागत झाले. फोटो तुम्ही पाहिलेच असतील. त्यांतल्या निम्म्या फोटोंत मीही हातात शाल धरून उभा आहे, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ती काठावर उभे राहून केलेली टीका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर लिहायला हवे, पण हाताची सवय जात नाही) एका तालुक्याच्या गावची ही मंडळी. मी तिच्यातच लहानाचा मोठा झालो, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीवर दोनदा बसलो, आणि आजवर सात पाळकांची स्वागते व त्या सातांचेच निरोपसमारंभ पाहिले. सातही वेळा स्वागताची भाषणे आणि निरोपाची भाषणे यांत एवढे अंतर होते की, ऐकणाऱ्याला ती एकाच माणसाविषयी आहेत असे वाटले नसते. आठव्या वेळी तरी ते कमी व्हावे, म्हणून हा खटाटोप.

साहेब गुरुवारी दुपारी आले. मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आत बदलीचे घर लागावे म्हणून पाळकांच्या बदल्या बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी होतात, आणि त्यामुळे प्रत्येक पाळकाचे सामान आमच्या गावात पहिल्या पावसात भिजतच उतरते. टेम्पोत दोन कपाटे, पुस्तकांची खोकी, एक शिलाई मशीन, गाद्यांच्या वळकट्या आणि त्या वळकट्यांवर बसलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला माशांचा काचेचा बाउल होता, आणि साडेतीन तासांच्या प्रवासात तिने तो खाली ठेवू दिला नव्हता, असे तिच्या आईने सांगितले. कोणत्या खोलीत ठेवू, असे तिने मला विचारले तेव्हा मी तिला पुढच्या खोलीत नेले, कारण पाळकनिवासातली तेवढीच एक खोली कोरडी होती. स्वयंपाकघरातली भिंत हात लावला तर पापुद्र्यांसकट हातात येत होती आणि नळाखाली कोणीतरी बादली ठेवली होती. पुढची भिंत मात्र आम्ही रंगवून घेतली होती. फोटो तिथे काढतात.

या नळाची तक्रार आधीच्या पाळकांच्या पत्नींनी कमिटीच्या निदान तीन सभांपुढे मांडली होती. दोन सभांच्या इतिवृत्तात ती माझ्याच अक्षरात नोंदलेली आहे.

त्या संध्याकाळी सामानाची खोकी फुटलीही नव्हती, तोच भेटीला माणसे येऊ लागली. भेटीला येणे चांगलेच. कोणी पोळ्या आणल्या, कोणी दूध आणले, शेजारच्या मारुती मंदिराच्या पुजारीबुवांनी दारात येऊन ‘नवे फादर आले का?’ म्हणून विचारपूस केली. (आम्ही प्रोटेस्टंट, आमचे पाळक संसारी असतात, फादर कॅथलिकांचे, हे मी बुवांना गेली तीस वर्षे समजावतो आहे आणि ते गेली तीस वर्षे मान हलवून पुन्हा फादरच म्हणत आहेत.) पण रात्री नऊच्या सुमारास जे आले ते पोळ्या घेऊन आले नव्हते. एकामागून एक तीन गट आले, प्रत्येकाने आवाज खाली घेतला आणि प्रत्येकाने सुरुवात त्याच वाक्याने केली: ‘साहेब, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो.’ पहिल्यांनी दुसऱ्यांविषयी सांगितले, दुसऱ्यांनी तिसऱ्यांविषयी, आणि तिसऱ्यांनी दफनभूमीच्या कुंपणाच्या हिशेबाविषयी, ज्यात पहिले आणि दुसरे दोघेही आले. मी त्या वेळी आतल्या खोलीत पलंगाचे नट आवळत होतो, म्हणून मला हे ऐकू आले. साहेब सगळ्यांना ‘बरं’ एवढेच म्हणत होते. त्यांची मुलगी एव्हाना माशांशेजारी फरशीवरच झोपली होती.

शनिवारी पहाटे आमच्या मंडळीतल्या एक वृद्ध आजी गेल्या. स्वागताला एक दिवस बाकी, साहेबांना गावातल्या गल्ल्याही ठाऊक नाहीत, आणि कमिटीतल्या एक-दोघांचे मत असे पडले की, जुन्या साहेबांना फोन करावा, ते घरच्यासारखे होते. आजींच्या मुलाने ते मानले नाही. पाळक आले आहेत तर तेच माती देतील, असे तो म्हणाला, आणि माझ्या मते नव्या पाळकांचे आमच्या मंडळीतले खरे स्वागत त्या एका वाक्याने झाले. साहेब आठच्या आत त्या घरी पोहोचले, ओट्यावर टेकले आणि खिशातून छोटी वही काढून आजींच्या मुलांची, सुनांची, नातवंडांची नावे एकेक करून लिहून घेतली, कोण कुठून यायचे आहे ते विचारले. मग आजींच्या नातीला विचारले की, आजी घरात काम करताना काय गुणगुणायच्या. तिने सांगितलेले पद ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे होते. टिळकांना जाऊन 1919 पासून शंभराहून अधिक वर्षे झाली, पण आमच्याकडे माणूस मातीआड करताना ‘उपासना संगीत’ हे आमचे गीतांचे पुस्तक उघडले की बहुधा त्यांचेच पान निघते. दुपारी दफनभूमीत पावसाची भुरभुर चालू असताना साहेबांनी ते पद स्वतः सुरू केले. आवाज बेताचाच आहे, दुसऱ्या कडव्याला चढवलेला सूर त्यांना पेलला नाही आणि बायांनी तो उचलून धरला. आदल्या दिवशीपर्यंत ज्यांना कोणी ओळखत नव्हते त्यांनी प्रार्थनेत आजींच्या अकरा नातवंडांची नावे घेतली आणि एकही चुकले नाही.

यानंतर रविवारचा कार्यक्रम झाला. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. बिशपांच्या प्रतिनिधींनी नेमणूकपत्र वाचले, साहेबांना प्रश्न विचारले, पवित्र शास्त्र, मंदिराच्या (आमच्या चर्चच्या इमारतीच्या) किल्ल्या आणि बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या त्यांच्या हाती दिल्या. (विवाहाची नोंदवही 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालची असते आणि तिच्यातली खाडाखोड पाळकाला महागात पडू शकते, पण ती हस्तांतरित होताना कोणीही उघडून पाहत नाही, साहेबांनी तिथल्या तिथे शेवटचे पान उघडून पाहिले, हे मला आवडले.) मग अकरा भाषणे झाली. स्त्रीसंघ, तरुणसंघ, संडे स्कूल, गायकवृंद, कमिटीचे आजी आणि माजी सभासद. मीही बोललो. अकरांपैकी नऊ भाषणांत आधीच्या साहेबांचा उल्लेख होता आणि सगळ्याच भाषणांत अपेक्षा होत्या: तरुणांना परत आणावे, घरसभा वाढवाव्यात, इमारत निधी मार्गी लावावा, उपदेश लहान करावा, उपदेश खोल करावा. आम्ही काय करणार, हे कोणीच सांगितले नाही. मीही नाही. भाषणांनंतर बिर्याणीचे प्रीतिभोजन होते आणि ते उत्तम झाले.

त्या दिवशी मला ज्याने विचारात पाडले ती गोष्ट या सगळ्यात दोन मिनिटांत उरकली गेली. साहेबांची प्रश्नोत्तरे संपल्यावर प्रतिनिधींनी मंडळीकडे तोंड करून विचारले की, तुम्ही यांना आपले पाळक म्हणून स्वीकारता काय आणि यांच्या सेवेत साहाय्य कराल काय. आम्ही ‘होय’ म्हणालो. ते ‘होय’ इतके पुटपुटते निघाले की, मागे माईकची वायर सारखी करणाऱ्या मुलाचा आवाज त्याहून मोठा आला.

हा प्रश्न आमच्यासारख्या मंडळीला विचारला जातो त्याला इतिहास आहे. आमची मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची. या मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये नगरला मिशनचे ठाणे झाले, आणि त्यांना पाठवणारी बोस्टनची संस्था प्रामुख्याने काँग्रिगेशनल वळणाची होती. त्या वळणात पाळक वरून नेमला जात नाही; मंडळी त्याला बोलावते, त्याच्या पोटाची सोय करते आणि त्याच्या बऱ्यावाईटाची जबाबदारीही तीच घेते. संस्थेचे चिटणीस रुफस अँडरसन 1854-55 मध्ये स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा आणि शुभवर्तमान आपण पसरवावे, या आग्रहासाठी ते ओळखले जातात, आणि त्याच दशकात नगरला हरिपंत आणि रामकृष्णपंत या इथल्याच दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. खेड्यांतून पुढे बराच काळ मिशनशाळेचे मास्तर हेच रविवारी उपासना चालवत. अस्पृश्य म्हणून इतर ओसऱ्यांवर ज्यांना बसू दिले जात नव्हते अशांच्या मुलांना अक्षर शिकवणारा माणूस आणि त्यांच्या घरी मर्तिकाला उभा राहणारा माणूस एकच असे. माझी आजी रोज भाकरीचे पीठ मळण्यापूर्वी एक मूठ पीठ वेगळ्या डब्यात टाकायची. ते मास्तरांच्या घरी जायचे. मास्तर कसे आहेत, असे तिला विचारले तर ती गुणदोष सांगत नसे, ‘आमचे आहेत’ म्हणायची.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि आमची मंडळी त्यात सामील झाली. त्यात बिशप आले, धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतले विभाग) आले आणि पाळकांच्या नेमणुका व बदल्या धर्मप्रांताकडे गेल्या. मी या व्यवस्थेच्या विरोधात नाही. गावातल्या चार वजनदार घरांना न आवडणारा उपदेश केला म्हणून पाळकाला महिन्याभरात घर सोडावे लागू नये, आणि ज्या मंडळीला पाळक पोसणे परवडत नाही तिलाही पाळक मिळावा, या दोन्ही गोष्टी या व्यवस्थेमुळेच शक्य होतात. पण तिची एक किंमत आम्ही न कळत मोजत आलो. पाळक बोलावण्याचे काम आमच्याकडून गेले, त्याबरोबर पाळक आपला असण्याचे कामही गेले, असे आम्ही धरून चाललो. मग पाळक म्हणजे बदली होऊन आलेला साहेब. तहसीलदार येतात तसे ते येतात, सत्कार होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे अर्ज घेऊन जायचे. निवडण्याचा अधिकार गेल्यावर आमच्या हाती उरले होते ते एवढेच ‘होय’, आणि तेही आम्ही माईकच्या खरखरीत घालवले.

तुलना करण्याची खोड काही आजची नाही. प्रेषित पौलाने करिंथ येथल्या मंडळीला जे पहिले पत्र लिहिले त्याच्या आरंभीच तिथले लोक मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा असे म्हणत असल्याची खंत आहे, आणि पुढे तो स्पष्ट सांगतो की, मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढवणारा देव. हा उतारा आमच्या मंदिरात दर दोन वर्षांनी एकदा तरी वाचला जातो. वाचून झाल्यावर बाहेर चपला घालताना माणसे म्हणतात की, आधीच्या साहेबांनी हाच उतारा किती छान सांगितला होता.

आणि पाळकांच्या पत्नी. त्यांना आपण सगळे ‘मॅडम’ म्हणतो आणि आल्या आल्या गृहीत धरतो की, स्त्रीसंघाचे अध्यक्षपद त्यांचे, संडे स्कूल त्यांचे, नाताळची नाटुकली त्यांची आणि कार्यक्रमाचा चहाही त्यांचा. त्यांची नेमणूक कोणी केलेली नसते, त्यांना पगार नसतो आणि नेमणूकपत्रात त्यांचे नाव नसते. रविवारी सत्काराच्या वेळी त्यांच्या हाती गुच्छ देऊन निवेदक म्हणाले, ‘मॅडम उत्तम गातात असे कळले आहे, आता गायकवृंदाची चिंता मिटली.’ त्या हसल्या. बाजूला बसलेल्या माझ्या पत्नीला त्यांनी नंतर विचारले, इथे जवळपास शिवणाचे काम मिळते का. मला आधी टेम्पोतली शिलाई मशीन आठवली, मग ही गोष्ट आठवली की, त्यांना काय करायला आवडेल असे गुरुवारपासून आमच्यापैकी कोणीही विचारलेले नव्हते.

रविवारच्या भाषणात मी जे सांगायला हवे होते ते आता सांगतो. आमच्या मंडळीत अंथरुणाला खिळलेली, मुले पुण्या-मुंबईला गेल्यामुळे एकटी राहणारी किंवा काही कारणाने मंदिरात येणे सोडलेली एकोणीस घरे आहेत. त्यांची नावे, पत्ते आणि घरी कोण कोण आहे ते एका वहीत लिहून मी सोमवारी साहेबांकडे दिले. कोण कोणाशी का बोलत नाही, हे मुद्दाम लिहिलेले नाही. ते त्यांना कळायचे तेव्हा कळेल. नाताळपर्यंत साहेबांपुढे इमारत निधीचा विषय काढायचा नाही, असे कमिटीतल्या मी धरून चौघांनी आपसांत ठरवले आहे. पाचव्याने ‘बघू’ म्हटले आहे. आतापर्यंत सहा घरी जाऊन झाले. साहेबांकडे गाडी नाही, म्हणून संध्याकाळी पाचनंतर कोणीतरी स्कूटर घेऊन त्यांच्यासोबत जावे लागते. ज्यांना जमेल त्यांनी मला कळवावे, वार लावून घेऊ. आवाज खाली घेऊन काही सांगायचे असणाऱ्यांनी कृपया हा प्रवास त्यासाठी वापरू नये.

प्लंबर शुक्रवारी सकाळी येतो म्हणाला आहे. तो येईपर्यंत बादली मी रिकामी करून येतो, आणि माशांचा बाउल आता स्वयंपाकघरापासून लांब, खिडकीत ठेवला आहे.