'500 प्रश्न पाठ करा, नर्सिंग पास व्हा': उत्तरं कुठल्या सालची?

शेजारची पोरगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चतुर्थीला गोव्यात साखळीला घरी आली, आणि गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून होते न होते तोच मोबाईल माझ्यापुढे धरला. "मावशी, हे बघ गो. आमच्या वर्गात सगळ्यांकडे पोचलंय."

मजकूर असा: नर्सिंग आणि सार्वजनिक आरोग्याचे हे 500 प्रश्न पाठ करा, कुठलीही परीक्षा पास. पुस्तक उघडायची गरज नाही, उत्तरं वर्षानुवर्षं तीच असतात. सलाईनचं गणित आलं तर तासाचे मिलि भागिले 4. गोव्यातल्या मुलांनी जंगलातल्या रोगांवर वेळ घालवू नये. काहीच येत नसेल तर 'क'. आणि खाली 500 प्रश्नांची पीडीएफ.

मी वॉर्डात आणि वर्गात मिळून आयुष्य काढलं, तेव्हा ती पीडीएफ चष्मा लावून अख्खी वाचली. निम्म्याहून जास्त उत्तरं बरोबर आहेत, हे आधी सांगून टाकते. स्वतःला प्रश्न विचारत अभ्यास करणं ही चांगलीच सवय आहे, नुसतं वाचून जे राहत नाही ते त्याने राहतं. माझं भांडण प्रश्नांशी नाही, त्या मजकुरातल्या एकेका वाक्याशी आहे. क्रम मात्र माझा.

'उत्तरं वर्षानुवर्षं तीच.' इथूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान हेच वाक्य करणार आहे. पीडीएफमध्ये प्रश्न आहे: कुत्रा चावल्यावर किती इंजेक्शनं? उत्तर: 14, बेंबीभोवती. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची आणि 2004 च्या अखेरीस तिचं उत्पादन आपल्या देशात बंद झालं. ही पीडीएफ पाठ करणारी पोरं तेव्हा जन्मलीही नसतील. आता स्नायूत द्यायची असेल तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, दंडात, कुल्ल्यात नव्हे. त्वचेत द्यायची असेल तर 0, 3, 7 आणि 28. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर जोडीला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, जखमेत आणि जखमेभोवती. आणि या सगळ्याच्या आधी 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणं. या धुण्याचा 500 प्रश्नांत उल्लेखच नाही. गावात आजही चुना-हळद लावून येणारे भेटतात, त्यांच्यासमोर बसून बेंबीभोवतीची 14 सांगणारी सिस्टर काय कामाची?

क्षयाचं तसंच. पीडीएफ म्हणते, गोळ्या आठवड्यातून तीनदा. 2017 पासून देशभर रोज द्यायच्या झाल्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, वजनाप्रमाणे. 2020 मध्ये सरकारच्या क्षयरोग कार्यक्रमाचं नावही बदललं, आरएनटीसीपीचं एनटीईपी झालं. पीडीएफमध्ये जुनंच नाव, पुन्हा उपचार लागणाऱ्या रुग्णांचा जुनाच 'कॅटेगरी दोन' गट. हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायचं आणि त्याला श्वास द्यायचं प्रमाण 15:2 लिहिलंय. मोठ्या माणसासाठी ते 2005 मध्येच 30:2 झालं. 15:2 आता फक्त लहान मुलासाठी, तेही मदतीला दोघं असतील तर. 2010 पासून क्रमही उलटला. आधी छाती दाबायची, मग श्वासमार्ग आणि श्वास. गरोदर बाईला टीटी, म्हणजे नुसती धनुर्वाताची लस लिहिलंय, तिथे आता टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींची लस आली. पोलिओच्या इंजेक्शनचे डोस दोन लिहिलेत. 2023 पासून नवव्या महिन्याचा तिसरा त्यात आलाय.

म्हणजे ज्याने कुणी हे जमवलं त्याने मुद्दाम खोटं लिहिलं नाही. वेगवेगळ्या सालच्या प्रश्नपत्रिका एका पिशवीत कोंबल्या आणि साल पुसून टाकलं. मी पोरीला म्हटलं, प्रत्येक उत्तराच्या पुढे पेन्सिलीने साल लिही. जिथे साल सापडणार नाही तिथे पुस्तक उघड. पुस्तकसुद्धा नवीन आवृत्तीचं. भावाने दिलेलं जुनं नको.

'तासाचे मिलि भागिले 4.' ही युक्ती खरी आहे, पण सलाईनच्या 15 थेंबांच्या नळी-सेटपुरती. मिलिलिटरला 15 थेंब पाडणारा सेट असेल तर मिनिटाचे थेंब काढताना 60 भागिले 15 होतात 4, तिथून तो 4 आला. 20 थेंबांचा सेट असेल तर भागिले 3. मुलांच्या वॉर्डातल्या 60 थेंबांच्या बारीक सेटला तर भागायचंच नाही, जितके तासाचे मिलि तितकेच मिनिटाचे थेंब. आता 500 मिलि चार तासांत द्यायचंय, तासाला 125. 20 च्या सेटवर मिनिटाला साधारण 42 थेंब हवेत. पीडीएफवाला 31 वर लावणार, आणि बाटली संपायला चार तासांऐवजी पाच तास वीस मिनिटं. आता 60 चा सेट समजा. 125 हवेत तिथे तो 31 लावणार, मग ते बाळ किती वेळ कोरडं राहील ते तुम्हीच काढा. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो. मी शिकवायचे तेव्हा पहिल्याच दिवशी पाकीट हातात द्यायचे आणि आधी ते वाचायला लावायचे. मुलींना कंटाळा यायचा.

'येत नसेल तर क.' याला फार वेळ देत नाही. एम्सच्या नर्सिंग भरतीच्या नॉरसेटसारख्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारातून एकदा 1 मिळणार, तीनदा एक-एक तृतीयांश जाणार. बेरीज शून्य. 'क' म्हणा, 'ड' म्हणा, देवापुढे चिठ्ठी टाका. मात्र एक पर्याय ठामपणे चूक आहे हे कळलं, तर उरलेल्या तिघांतून निवडणं फायद्याचं. पण तो एक पर्याय चूक आहे हे कळायला पुस्तक उघडलेलं असावं लागतं.

राहिलं ते जंगल. हे वाक्य वाचून मला खरोखर राग आला, कारण माझं माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं. 2015 मध्ये माकडताप सत्तरीत आला. त्याआधी तो कर्नाटकातला रोग म्हणून आम्ही शिकवायचो. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरायला लागली तेव्हा सापडलेला, एवढं लिहिलं की मुलींना दोन गुण मिळायचे आणि विषय मिटायचा. मग आमच्याच काजूच्या बागांतली माणसं तापाने वाळपईच्या दवाखान्यात येऊ लागली.

पीडीएफमध्ये यावर एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर चूक आहे: माकडताप कशाने होतो? माकडाच्या चाव्याने. नाही हो! गोचिडीने होतो, त्यातही तिच्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिल्लांनी. माकड बिचारं आपल्यासारखंच आजारी पडतं आणि मरतं, मग त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात पसरतात. एका माणसाकडून दुसऱ्याला हा ताप होत नाही. हंगाम साधारण डिसेंबर ते मे. आमच्याकडे बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायचे दिवस नेमके याच महिन्यांत येतात. वाकून, हातांनी पाचोळा सारत, सकाळपासून. दारात कुणी डोकं ठणकतंय, अंग मोडून ताप आलाय म्हणत उभं राहिलं, तर महिना आणि काम विचारल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

मलेरियाचंही 'शहरात नसतो' म्हणून पीडीएफने उरकलंय. पणजीत 1986 मध्ये तो उसळला तो जंगलामुळे नव्हे, बांधकामांमुळे. तो पसरवणारा डास विहिरी, टाक्या आणि बांधकामावर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. घाण पाण्यातला डास वेगळा, तो हत्तीरोगाचा.

पोरीला मी पीडीएफ पुसायला सांगितलं नाही. त्याऐवजी एक प्रश्न वहीत लिहून दिला, पर्यायांशिवाय. मार्च महिना, चाळिशीची बाई, चार दिवस ताप, डोकं फुटतंय, हिरड्यांतून थोडं रक्त. तू उपकेंद्रावर एकटी आहेस. पहिल्यांदा काय विचारशील?

ती मोदक खाता खाता थांबली. "बोंडू गोळा करायला गेली होती का? कुठल्या बागेत?" मग जरा वेळाने, "बागेत अजून कुणाला ताप आलाय का?"

रानात कुठे माकड मेलेलं दिसलं का, हे विचारायचं राहिलं. अर्धा गुण कापला.