पदवी अडते ती नावात आणि तारखांत

लग्न झालं, लेकरू झालं आणि बी.ए.चं दुसरं वर्ष तसंच राहून गेलं, अशी एक तरी बाई मराठवाड्यातल्या प्रत्येक गल्लीत सापडेल. तिला सगळे एकच ऐकवतात, "आता कुठं अभ्यास झेपतोय तुला?" माझं मत उलटं आहे. अभ्यास झेपतो. गाडी अडते ती नावाच्या घोळात आणि चुकलेल्या तारखांत. त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी नाव. दहावीच्या सनदेवर समजा 'जाधव सुनीता बाबुराव' आहे आणि लग्नानंतर आधारवर 'सुनीता गणेश शिंदे' झालं. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता आधी एबीसी आयडी (म्हणजे श्रेयांक, इंग्रजीत क्रेडिट, जमा होतात त्या सरकारी खात्याचा नंबर) आणि मग यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, डेब आयडी (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा नंबर) काढावा लागतो. एबीसी आयडी डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या ॲपवरून निघतो आणि डिजिलॉकर आधारवरचं नाव उचलतं. म्हणजे अर्ज शिंदेंचा आणि गुणपत्रिका जाधवांच्या. पडताळणीत अर्ज लटकतो तो इथं. विवाह नोंदणीचा दाखला कुठं चालतो, कुठं चालत नाही. नाव बदलल्याचं राजपत्र (सरकारी गॅझेट) असेल तर सहसा कुणी अडवत नाही. त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. प्रवेश सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा दोन-तीन महिने आधी ते काढून ठेवा. अर्जात जुनं नाव सनदेवर आहे अगदी तसंच, इंग्रजी स्पेलिंगसकट लिहा. एका अक्षराचा फरक राहिला तर राजपत्र हातात असून उपयोग शून्य.

आणि मोबाइल नंबर. पुष्कळ बायांच्या आधारला अजून भावाचा, नाहीतर बंद पडलेला नंबर जोडलेला असतो. ओटीपी तिकडं जातो आणि इकडं सेतूवाला म्हणतो, "ताई, उद्या या." नंबर बदलायचं काम आधार केंद्रावर होतं. सगळ्यात आधी हेच उरका.

आता जुनी पदवी पूर्ण करायची की नवी सुरू करायची? संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिवच्या कॉलेजांत शिकलेल्यांचं दप्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीवाल्यांचं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडं. पण ते १९९४ साली निघालं, त्याआधीचे कागद असतील तर संभाजीनगरलाच विचारावं लागेल. एक-दोनच विषय राहिले असतील तर गुणपत्रिका आणि पीआरएन नंबर (विद्यापीठानं दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक) घेऊन परीक्षा विभागात जा आणि चिकाटीनं पाठपुरावा करा. अख्खं वर्ष किंवा जास्त राहिलं असेल तर माझ्या मते नाद सोडा. वार्षिक पद्धत गेली, सत्र आलं, आता नवीन शैक्षणिक धोरणाचा ढाचा आला. तुमचे विषय त्या नावानं शिल्लकच नसतील. आणि एबीसीत श्रेयांक जमा होतात म्हणून जुने गुण तिथं दिसतील, अशी आशा धरू नका. ती सोय २०२१ नंतरची.

नियमित कॉलेजात नाव टाकून नुसतं परीक्षेला जायचं, ही जुनी युक्तीही आता अवघड झालीय. नव्या ढाच्यात अंतर्गत मूल्यमापन आहे, क्षेत्र प्रकल्प आहे, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे. कडेवर लेकरू असताना हे सगळं जमवणं कठीणच. बारावीच झाली नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून ती आधी काढा.

राहिलं मुक्त शिक्षण. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, केंद्राचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू १९८५ चं. मराठी माध्यमातून शिकलेल्या बाईनं मी तर नाशिकचंच घ्यावं म्हणेन, कारण पुस्तकं मराठीत मिळतात. इग्नूची मुख्यतः हिंदी-इंग्रजीत. बी.एस्सी. टाळा; प्रात्यक्षिकाला हजेरी लागते आणि तान्हं लेकरू प्रयोगशाळेबाहेर कुणाकडं द्यायचं हा प्रश्न रोजचा होतो. मुलींना शिक्षण मोफत झालं, असं २०२४ पासून सगळीकडं ऐकू येतं. ती फीमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला नाही. तेव्हा फीचे पैसे धरून चाला.

वेळेचा हिशोब उघड मांडते. इग्नूच्या मापात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वर्षाचे ४० श्रेयांक धरले तर १,२०० तास, म्हणजे रोज सव्वातीन तास. दोन लेकरं, सैपाक, आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी आणि वावरातली कामं असलेल्या घरात एवढा वेळ निघत नाही. दीड तास निघतो, तोही पहाटे. म्हणून तीन वर्षांचा हट्ट धरू नका. कमाल मुदत त्याहून बरीच जास्त असते. ती माहितीपुस्तकात बघा आणि हिशोब तिच्यावर बसवा.

इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरात. जून म्हणजे मृग आणि पेरणी. डिसेंबर म्हणजे कापूस वेचणी. आमच्याकडं यापेक्षा वाईट महिने शोधूनही मिळायचे नाहीत! तेव्हा जूनला चार पेपर, डिसेंबरला चार, असे वाटून घ्या. शेतीवर पोट असलेल्या घरानं सगळे पेपर एकदम भरले की निम्मे बुडतात. गृहपाठ (असाइनमेंट) मात्र सवडीच्या दिवसांत, म्हणजे श्रावण-भाद्रपदात आणि पुन्हा माघात लिहून टाका. इग्नूत त्याला ३० टक्के वजन आहे आणि परीक्षेत पास होऊनही गृहपाठ नसेल तर तो विषय अपूर्णच राहतो. देताना झेरॉक्स ठेवा, पोच घ्या आणि पावतीचा फोटो काढा. गृहपाठ गहाळ होतात.

आणखी एक चूक हमखास होते. निकालाची वाट बघत पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी राहून जाते. इग्नूत ती निकालावर अवलंबून नाही. तारीख गेली की पुढचा अभ्यास लांबतो. परीक्षेचा फॉर्मही वेगळा भरावा लागतो. प्रवेशाची फी भरली म्हणजे परीक्षेचं झालं, असं नाही.

पेपरच्या दिवशी लेकराला वर्गात घेत नाहीत. अंगावर पिणारं असेल तर सासूबाई किंवा बहीण सोबत हवीच. दोन पेपर एकाच दिवशी आले तर मधल्या सुट्टीत पाजायला जागा कुठं आहे, ते आदल्या दिवशीच बघून या. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा केंद्र तालुक्याला मिळालं नाही म्हणून घाबरू नका.

'एका वर्षात पदवी, शंभर टक्के पास' म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. विद्यापीठाला त्या कोर्सची मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर दहा मिनिटांत कळतं.

शेवटचा निकाल लागल्यावरही एक काम उरतं. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज आणि फी वेगळी असते का, ते बघा. त्या अर्जात नाव भरताना पुन्हा दहावीची सनद समोर ठेवा.