रोटरी इंजिन कुणी ‘दाबलं’ नाही

‘रोटरी इंजिनात हलणारे भाग मोजकेच, म्हणून ते बिघडतच नाही, पिस्टनवाल्या कंपन्यांनी ते दाबून टाकलं’ असा एक मेसेज फिरतो आहे. त्यातलं अर्धंच खरं आहे. या इंजिनात वरखाली होणाऱ्या पिस्टनऐवजी एक त्रिकोणी रोटर फिरतो. भाग कमी असतात, पण सगळा भार रोटरच्या टोकांवरच्या सीलवर, म्हणजे वायू अडवणाऱ्या पट्ट्यांवर येतो. ही सील घरंगळत नाहीत, भिंतीवर घासत राहतात. माझदा या जपानी कंपनीच्या सुरुवातीच्या रोटरी इंजिनांत त्यांनी आतल्या भिंतीवर ओरखडे पाडले. तिथले इंजिनिअर त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. १९६७ ची एनएसयू कंपनीची आरओ ८० ही रोटरी इंजिनाची जर्मन गाडी तर वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनीच्या मुळावर आली.

या इंजिनाची दुसरी अडचण धुराची, आणि तिचं कारण रचनेतच आहे. ज्वलनकक्ष, म्हणजे पेट्रोल जळतं ती जागा, लांबट, चपटा आणि सरकता. ज्योत कोपऱ्यांपर्यंत पोचण्याआधीच विझते आणि न जळलेलं पेट्रोल थेट बाहेर पडतं. शिवाय सीलच्या वंगणासाठी थोडं ऑइल मुद्दाम आत सोडावं लागतं, तेही जळतं. नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायू मात्र तुलनेनं कमी, हे मान्य करायला हवं.

आणि दाबण्याचं म्हणाल, तर जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९७० मध्ये पैसे मोजून रोटरी बनवण्याचा परवाना घेतला होता. इंधनाचा खप आणि धूर आवरेना, म्हणून त्यांनीच नाद सोडला. माझदाची आरएक्स-८ ही रोटरी गाडी युरोपातून गेली ती तिथल्या प्रदूषण नियमांमुळे. २०२३ मध्ये माझदाच्या एमएक्स-३० या गाडीत रोटरी परतलं, पण फक्त बॅटरी चार्ज करायला.