जपानी इंजेक्शनच्या भरवशावर दाढ काढू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. जपानने पडलेले दात पुन्हा उगवणारं इंजेक्शन काढलं, प्रयोग यशस्वी झाला, कुठल्याही वयात चालतं, लवकरच भारतात मिळणार, तेव्हा रूट कॅनल आणि कवळीवर पैसे घालवू नका, असा त्याचा मजकूर. कन्नडमधूनही तोच येतो. सीमाभागात एवढं एकमत एरवी कशावर होत नाही. सगळाच खोटा असता तर डिलीट करून मोकळं झालो असतो, पण यात थोडं खरंही आहे आणि लोक फसतात ते त्यामुळेच.

‘जपानने इंजेक्शन काढलं.’ संशोधन खरं आहे. ओसाकाच्या किटानो हॉस्पिटलचे कात्सू ताकाहाशी आणि क्योटो विद्यापीठातले सहकारी बरीच वर्षं यामागे आहेत. आपल्या शरीरात ‘युसॅग-१’ नावाचं एक प्रथिन असतं. दाताचा अंकुर वाढवणाऱ्या संदेशांना ते अडवतं. ज्या उंदरांत हे प्रथिनच नव्हतं त्यांना जादा दात आले, तिथून धागा मिळाला. मग या प्रथिनाला बांधून ठेवणारी अँटिबॉडी तयार केली, तेच हे ‘इंजेक्शन’. म्हणजे औषध दात तयार करत नाही, अडून राहिलेल्या अंकुराची वाट मोकळी करतं. अंकुरच नसेल तर वाट कुणासाठी मोकळी करायची?

‘प्रयोग यशस्वी झाला.’ कुणावर, ते मेसेजमध्ये नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष उंदरांवरचे आणि फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावरचे होते. फेरेटला माणसासारखेच आधी दुधाचे, मग कायमचे असे दोनदा दात येतात, म्हणून त्याची निवड. माणसांवरची पहिली चाचणी २०२४ च्या उत्तरार्धात क्योटो विद्यापीठाच्या हॉस्पिटलात सुरू झाली. त्यासाठी ३० ते ६४ वयाचे, किमान एक दात नसलेले ३० निरोगी पुरुष घ्यायचे ठरलं. पहिल्या टप्प्यात बघायचं असतं ते औषधाचा काही अपाय होतो का, हे. एवढ्यावर ‘यशस्वी’ म्हणायचं?

‘कुठल्याही वयात चालतं.’ सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. पुढच्या टप्प्यात संशोधकांच्या डोळ्यांसमोर आहेत ती जन्मतःच अनेक दात नसलेली, दोन ते सात वर्षांची मुलं. माणसात तिसऱ्या खेपेच्या दातांचे अंकुर सुप्त असावेत आणि पुढेमागे मोठ्यांनाही उपयोग व्हावा, अशी ताकाहाशींची मांडणी आहे. पण आपल्याकडे दात जातात कशाने? निपाणीचा पट्टा तंबाखूचा. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, म्हणजे मिसरी, सकाळी बोटाने हिरड्यांवर घासणाऱ्या बायका अजून घरोघरी दिसतात. तंबाखूने हिरड्यांचा आजार बळावतो, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि धड दिसणारा दातही हलायला लागतो. ते झिजलेलं हाड या इंजेक्शनने भरून येतं, असं कुणी दाखवलेलं नाही.

‘लवकरच भारतात.’ जपानातच २०३० च्या सुमारास औषध आणायचं उद्दिष्ट आहे, तेही सगळ्या चाचण्या पार पडल्या तर. 

‘रूट कॅनल, कवळी नको.’ एक वेळ बाकीचं चाललं असतं, हे नाही. ओळखीतल्या एका मावशींची दाढ किडलीय, रूट कॅनल केलं तर वाचेल असं डॉक्टर म्हणतात. मावशींचं उत्तर, ‘काढून टाकू की, नवीन येतंय म्हणे.’ दाढ काढली की त्या जागेचं हाड झिजायला लागतं, आणि सगळ्यात जास्त झीज पहिल्या वर्षातच होते. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातली दाढ हिरडीतून बाहेर सरकते. मग पुढे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचं म्हटलं तरी हाड अपुरं पडू शकतं. पैशाची अडचण असेल तर बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात काम होतं, फक्त थोडं थांबायची तयारी हवी. मावशींना तिकडेच पाठवलंय.